चांगल्या पायाची आखूड उडी

कबड्डी खेळताना माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट अर्धवट फाटलं. ऑपरेशन नको, व्यायामाने सुधारेल, असं म्हणून डॉक्टरांनी मला यवतमाळच्या फिजिओ मॅडमच्या ताब्यात दिलं. तिथे तीन महिने मी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबली, पाय सरळ उचलून धरला, एका पायावर बगळ्यासारखा उभा राहिलो. माझ्यासारख्या चढाई करणाऱ्याने हे असलं करायचं म्हणजे डोक्यात तिडीक जायची. पण गावची स्पर्धा आठवड्यावर आली होती, कप्तान मी होतो, आणि माझ्याशिवाय संघ पहिल्याच सामन्यात आडवा होणार याबद्दल मला तरी शंका नव्हती.

खेळायच्या परवानगीसाठी एक परीक्षा होती. एका पायाने उडी मारायची आणि त्याच पायावर उतरून थांबायचं. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या जवळपास पोचली पाहिजे. मागच्या खेपेला उजवा पाय हातभर कमी पडला होता. उजवा वाढत नसेल तर डावा कमी करावा, हे मला आमच्या नेरहून यवतमाळला येताना एसटीत सुचलं आणि स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश झालो.

डाव्या पायाने बेताची उडी मारली, उजव्याने जीव खाऊन. दोन्ही जवळजवळ सारख्या भरल्या. मॅडमनी टेप पाहिला, मग मागच्या खेपेचा कागद पाहिला.

"तुमचा चांगला पाय कमी पडून राह्यला. याले काय झालं?"

"थकला असंन," मी म्हणालो.

सोबत आलेली आई बाकावरून बोललीच. "कायचा थकते! काल याच पायानं नाली कुदून गेलता. म्या डोयानं पाह्यलं."

मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. "मले फसवसान हो, पण मैदानात गुडघा फसत नाही. अजून सहा आठवडे व्यायाम. आता दोन्ही पायांचा."

परतीच्या एसटीत मी आईकडे पाठ फिरवून बसलो. ती मजेत शेंगा खात होती.

स्पर्धेच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. संघातल्या ज्या पोराला मी कधी धड चढाईला जाऊ दिलं नव्हतं, तो माझ्या जागी गेला आणि गुण घेऊन आला. पुन्हा गेला, पुन्हा घेऊन आला. संध्याकाळी आमचा संघ स्पर्धा जिंकला. सगळे नाचत होते. मीही टाळ्या वाजवत होतो आणि आतून जळत होतो.

आईने विचारलं, "आता त घाई नाही न तुले खेळाची?"

मला नव्हती. संघालाही नव्हती.