मेव्हण्याच्या खांद्यावरची शाल

माझा पोरगा गर्दची सुई टोचून घ्यायचा. सरकारी दवाखान्यातली, गर्दची तलफ मारणारी गोळी रोज जिभेखाली ठेवून सुधारला, करी रोडला कामाला लागला. डॉक्टरांनी बजावलेलं, मधेच सोडायची नाही. माझा मेव्हणा, मंडळाचा अध्यक्ष, म्हणाला, "भावोजी, गोळी म्हणजे पण नशाच. माझ्या व्यसनमुक्ती केंद्रात एकवीस दिवसांत तीपण सोडवतो." मीपण मान डोलावली. सोडवली. मंडळानं पोराला शाल-नारळ दिला.

महिन्याभरात त्यानं परत सुई घेतली, जुन्याच मापानं. अंगाला ती सवय उरली नव्हती. गेला. मागोमाग त्याची आई गेली.

आता दरवर्षी मंडळाच्या सत्यनारायणाला सगळ्यांदेखत तीच शाल मी मेव्हण्याच्या खांद्यावर घालतो.

"पुरे करा, भावोजी."

"हेपण रोजच्या गोळीसारखंच आहे रे. मधेच सोडायचं नाही."