अकरा बाराची सही

गेल्या वर्षी दिवाळीआधीच्या रविवारी, सकाळी अकरा वाजून नऊ मिनिटांच्या सुमारास, वैशाली ही स्कूटर रॅलीतली स्पर्धक भीमा नदीवरच्या एका बंधाऱ्याच्या टोकावरून गाडीसह खाली पडली. बंधाऱ्याच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. ती पडली तेव्हा तिथे मार्शल नव्हता. तीन मिनिटांनी मी पोहोचलो, तेव्हा होता.

यातलं मार्शल नसल्याचं सिद्ध झालेलं आहे. असल्याचं मी पाहिलेलं आहे.

मी तेवीस वर्षं बातम्या लिहितो. या काळात भुताखेताच्या, अंगात येण्याच्या शेकडो गोष्टी टेबलावर आल्या, एकही छापली नाही. आजही कोणी आणली तर छापणार नाही. हे इथे लिहितोय, कारण एका माणसाने माझ्या या अनुभवाचा वापर स्वतःची कातडी वाचवायला केला... आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

रॅली नागपूरहून गोव्याला जाणारी, आठ दिवसांची. सहाव्या दिवसाचा टप्पा शिरूर ते दौंड — न्हावरेपर्यंत डांबरी, मग उसातून कालव्याकडेचा कच्चा रस्ता, मग बंधारा. मी चालवायला, मागे माझा मेहुणा संतोष रोडबुक वाचायला. रोडबुक म्हणजे कुठे वळायचं ते लिहिलेली वही. प्रत्येकाच्या गळ्यात एक टाइम कार्ड. ठरलेल्या ठिकाणी मार्शल उभा असतो. तो गाडी थांबवतो, कार्डावर वेळ लिहितो, सही करतो, मगच पुढे सोडतो.

वैशाली मूळची केंदूरची, रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला. रजा साठवून आली होती आणि पाच दिवसांनंतर पहिली होती. जो पहिला, तो पहिला सुटतो. तिच्यानंतर तीन मिनिटांनी आम्ही. शिरूरला सुटताना ती संतोषला म्हणाली, "गुरुजी, आज तरी नकाशा सुलटा धरा." संतोष प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. आदल्या दिवशी त्याने आम्हाला एका पोल्ट्रीत नेऊन सोडलं होतं.

अकरा वाजून बारा मिनिटांनी आम्ही बंधाऱ्याच्या तोंडाशी आलो. मारुती आप्पा उभे होते. दौंडचे, रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन म्हणून निवृत्त झालेले, पहिल्या दिवसापासून आमचे मार्शल. हातात लाल झेंडी, उघडलेली.

"थांबा. गाडी बंद करा, पत्रकार."

केली. त्यांनी माझं कार्ड घेतलं, वेळ लिहिली, सही केली. रोज ते संतोषची चेष्टा करायचे. त्या दिवशी केली नाही.

"गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. चालत जावा. पल्याड खाली बघा, पोरगी हाय."

संतोष म्हणाला, "दाजी, पळा."

बंधाऱ्यावर आठ-नऊ फुटांचा स्लॅब, कठडा नाही. गावकरी दुचाक्या यावरूनच नेतात. पलीकडच्या टोकाचा भराव पावसाळ्यात आतून वाहून गेला होता. वर मातीचा पापुद्रा तेवढा शिल्लक होता. तो वैशालीच्या चाकाखाली फुटला. ती दगडांत पडली होती, उजव्या पायावर स्कूटर. शुद्धीवर होती, पण ओरडण्याइतका श्वास नव्हता. अलीकडून ती दिसत नाही, खड्डाही दिसत नाही. आम्ही गाडीवर असतो तर तिच्या अंगावर पडलो असतो.

संतोषने गाडी उचलली, मी तिला ओढलं. वर पाहून मी ओरडलो, "आप्पा, फोन लावा!" बंधाऱ्याच्या तोंडाशी कोणी नव्हतं. दोन्ही बाजूंना उभा ऊस, मध्ये एकच वाट. त्या वाटेने आमच्या मागून आलेल्या स्पर्धकाला वाटेत कोणी भेटलं नाही.

मारुती आप्पा त्या वेळी दौंडमध्ये होते. मैदानावरच्या स्वागत समारंभाचं थेट प्रक्षेपण चालू होतं, ते अजूनही पाहता येतं. अकरा बाराला आप्पा स्टेजवर आहेत, पाहुण्यांना देण्यासाठी नारळांचं ताट धरून. बंधाऱ्यापासून दौंड दुचाकीवर तासाभराचं.

आता आयोजकाबद्दल.

मार्गाची पाहणी मे महिन्यात झाली होती, भराव शाबूत असताना. पावसाळ्यानंतर पुन्हा कोणी गेलं नाही. शनिवारी संध्याकाळी आप्पा स्वतःहून जाऊन पाहून आले आणि आयोजकाला म्हणाले, खालनं पोकळ झालंय, रस्ता बदला. आयोजक म्हणाला, रोडबुक छापून झालंय, तुम्ही तिथे उभे राहा आणि सगळ्यांना उतरवून चालत पाठवा. रविवारी सकाळी पाहुणे येणार, स्टेजवर माणसं कमी, म्हणून त्यानेच आप्पांना दौंडला बोलावून घेतलं. बदली माणूस पाठवला नाही. स्पर्धकांना कळवलं नाही.

दुपारी दवाखान्यात तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्या कार्डावर सही आहे ना? जपून ठेवा. मार्शल हजर होता, तिने थांबायला पाहिजे होतं. एवढंच दाखवायचंय."

"तुम्ही त्यांना स्टेजवर उभं केलं होतं."

"मग सही कोणी केली?"

संध्याकाळी त्याने निवेदन काढलं: स्पर्धकाने मार्शलचा इशारा डावलला.

वैशालीचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं. निवेदन तिने फोनवर वाचलं होतं. मला म्हणाली, "आप्पा असते तर मी थांबले नसते का? गुरुजींना विचारून झालं, ते नुसते रडतायत. तुम्ही तरी सांगा. तिथं कोणी होतं का?"

तेवीस वर्षं मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलोय. मी म्हणालो, "तुझ्या वेळी नव्हतं."

"आणि तुमच्या?"

मी तिला कार्ड दाखवलं. ते पाहून तिने तोंड भिंतीकडे केलं.

ते कार्ड घेऊन मी दौंडला आप्पांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावला, कार्ड खिडकीशी नेलं. सहीखाली दोन टिंबं — रेल्वेच्या रजिस्टरात पस्तीस वर्षं सही करताना लागलेली सवय.

"माझीच दिसतीय," ते म्हणाले. "पन मी न्हाई केली. ताट धरून हुबा हुतो तवा डोक्यात त्योच बंधारा. दुसरं काय दिसतच नव्हतं." कार्ड परत देत म्हणाले, "त्या माणसानं मला नारळ धराया लावलं, पत्रकार."

"आप्पा, कार्ड दिलं तर तो वापरणार. नाही दिलं तर मी पुरावा दाबला."

"द्या. मीबी येतो."

आम्ही पोलिसांत गेलो. मी कार्ड जमा केलं, प्रक्षेपणाची प्रत जमा केली, मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. जबाब घेणाऱ्या हवालदाराने पेन खाली ठेवलं. "साहेब, दोन्हींपैकी एकच लिहितो. कुठलं लिहू?" मी दोन्ही लिहायला लावलं. मग त्याने आप्पांना विचारलं, "ही सही तुमची?"

"मी केलेली न्हाई. त्या टायमाला बंधाऱ्यावर कुनीच नव्हतं. मला तिथनं आयोजकानं उठवलं. लिवा."

त्याने लिहिलं, वाचून दाखवलं आणि कागद पुढे केला. आप्पांनी खाली सही केली. हवालदाराने माझं कार्ड त्या सहीशेजारी ठेवलं.

वळण तेच. खाली दोन टिंबं.