माझी झोप आणि गल्लीचा लसूण

झोपणाऱ्या माणसाजवळ सांगायला काही नसतं. किस्से साचतात ते जागणाऱ्याजवळ. अमरावतीच्या भाजीबाजारात बावीस वर्षं दुकान लावते मी, आणि गेलं वर्षभर धड झोपले नाही. तेव्हा माझ्याजवळ माल भरपूर.

सुरुवात कोहळ्यांनी झाली. पहाटेच्या हर्रासात उभ्या उभ्या डुलकी लागली. मान दोनदा खाली गेली. अडत्याला वाटलं, मावशी बोली वाढवून राहिली. जागी झाले तेव्हा अकरा पोती कोहळी माझी! घरी पोरगा राजू म्हणाला, "आई, तू आता घरीच राय. दुकानावर पौर्णिमा बसन." पौर्णिमा म्हणजे माझी सून. मी म्हटलं, "मी मेल्यावर." शेवटी महिन्याची मुदत ठरली. झोप सुधारली नाही तर जागा सुनेची.

*

अकोल्याची बहीण म्हणाली, दुधात जायफळ उगाळून घे. घेतलं. डोळा लागतो न लागतो, तिचाच फोन.

"झोपली का वं?"

"झोपली होती."

"मंग गुण आला म्हणायचा."

असा गुण तिने चार दिवस रोज तपासला.

*

मग डॉक्टरीणबाई. राजूपेक्षा लहान पोरगी. दुपारनंतर चहा बंद, दुपारची झोप बंद, उठायची वेळ रोज एकच. आणि नुसतं पडून राहायचं नाही. झोप आली तरच गादीवर जायचं, नाही लागली तर उठायचं.

मी म्हटलं, "बाई, मी झोप मागाले आली, तुमी तं गादीच काढून घेऊन राहिल्या."

"मावशी, तुम्ही गादीवर झोपत नाही, भांडता. स्वतःशी."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "माह्याशी बी."

*

तिने झोपेची वहीही लिहायला लावली. मी चौथी शिकलेली, पण मन लावून लिहिलं. तिने मोठ्याने वाचलं, "दोन वाजता उठली. हे घोरून राहिले. राग आला. तीन वाजता अजून राग आला."

म्हणाली, "मावशी, राग नाही, झोप लिहायची."

"मंग पानं कोरीच राहतीन."

*

उठून काय करायचं? तर मंद उजेडात, कंटाळा येईल असं काम. मी लसूण सोलायला बसले. घरचा तीन रात्रींत संपला. शेजारच्या कमलने तिचा आणून दिला, मग तिच्या जावेने. दोन आठवडे आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणी लसूण सोलला नाही.

एका रात्री चार पाकळ्यांतच पापण्या जड झाल्या. गादीवर गेले ती एकदम चारलाच उठले. सकाळी कमल लसूण न्यायला आली. टोपली जशीच्या तशी पाहून घाबरली.

"मावशी, तब्येत बरी नाही का वं?"

*

झोप पाच तासांवर आली, तरी मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात राजूने पौर्णिमाला दुकानावर बसवलंच. म्हणे, "सवय होऊ दे तिले." मी तीन दिवस दात-ओठ खात घरी बसले. चौथ्या दिवशी दुपारी तिचा डबा घेऊन गेले.

पौर्णिमा सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर डोकं टेकवून गाढ झोपलेली. समोर एक बाई पाव किलो भेंडी निवडून ताटकळत उभी. सारा बाजार ऐकेल अशी हाक तोंडात आली होती. ती गिळली. हळूच बाजूला बसले, तराजू ओढला, भेंडी तोलली.

बाईने विचारलं, "हे कोण हाय?"

"नवी मालकीण हाय," मी म्हटलं. "हळू बोला."