जागा शिल्लक नाही

पडद्यावर तिसऱ्यांदा तेच उमटलं: जागा शिल्लक नाही. शेजारच्या सुलभाताई वाकून बघत म्हणाल्या, "अहो, अर्धी डिस्क तर रिकामी दिसतेय."

त्याचीच तर चीड आहे. सुलभाताई आणि मी बोलीतले शब्द गोळा करतो. एका चिठ्ठीवर एकच शब्द, ही आमची जुनी शिस्त. संगणक आला तेव्हा मीच हट्टाने एका फायलीत एकच शब्द ठेवला. तीन अक्षरांचा शब्दही डिस्कवरचा अख्खा ब्लॉक, म्हणजे ठरलेल्या मापाचा कप्पा, अडवून बसतो, तेही चालवून घेतलं. पण डिस्क तयार करतानाच तिच्यात किती फायली मावणार ते ठरून जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक फायलीला एक आयनोड, म्हणजे नोंदीची एक जागा लागते. त्या जागा संपल्या. रिकामं असूनही नाही म्हणणारी माणसं मला ठाऊक होती. यंत्रही तसंच निघालं.

ओहोटीनंतर खडकात अडकून राहिलेल्या पाण्याचा शब्द हातात होता. तो सांगणाऱ्या आजींना आता बोलता येत नाही.

शेवटी तो चिठ्ठीवर लिहिला आणि जुना खण उघडला. खण गच्च भरलेला. सुलभाताईंनी दोन बोटांनी चिठ्ठ्या मागे रेटल्या आणि म्हणाल्या, "द्या इकडे."