माठासारखी भरून पाहिलेली होडी

ह्यांनी मासेमारीसाठी जुनी फायबरची होडी आणली आणि तिला मोटार बसवली. तळाच्या भेगा बुजवल्या, तरी तापीत उतरवल्यावर पाणी आत येईल का, हीच धास्ती होती.

मी हळूच म्हटलं, "नवा माठ आपण भरून बघतो, तशी हीसुद्धा भरू या."

सासरे हसले. "पाणी आत नको म्हणून एवढी खटपट, अन् सूनबाई स्वतःच भरतेय!"

तरी विटांवर ठेवून आम्ही ती हंड्यांनी भरली. तळाला एका जागी थेंब लोंबला! ती जागा पुन्हा बुजवली.

मग नदीत मोटार धडधडली आणि होडी सुसाट निघाली. मी तळावर हात फिरवला. मला चारचौघांत बोलायची लाज वाटते, पण काठावरच्या सासऱ्यांकडे बघून ओरडलेच, "आबा, कोरडी शे!"