मातीला पाणी

दुष्काळातल्या त्या उन्हाळ्यात वाळूजला टँकरच्या रांगेत मला तो रोज दिसायचा. कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. बादली भरली, की तो ती कारखान्याच्या फाटकाजवळच्या, मोटरींच्या अर्थिंगच्या खड्ड्यात हळूहळू ओतायचा आणि मातीवर तळहात ठेवून ओल बघायचा. माझा भाऊ मोटरीचा शॉक लागून गेला होता, त्यामुळे माझी नजर तिथंच राहायची.

एकदा रांगेतली एक बाई कडाडली, "माणसं तहानली, अन् तू खड्ड्याला पाजतो व्हय?"

"मावशी, मोटरीच्या अंगात करंट उतरला तर तो ओल्या मातीत जातो, अन् रिले नावाचा खटका मोटर बंद करतो. माती वाळली, की मोटर चालूच राहती. हात लावणारा जातो."

बाई खड्ड्याकडं वळली. तिची लेक त्याच कारखान्यात कामाला होती.

"मग एवढ्यानं काय व्हतंय?" ती म्हणाली. "अजून वत की!"