चाचीसाठी मोठी अक्षरं

आमच्या मुरुडला काहीही बिघडलं की माणसं एकच कारण सांगतात, हवा. फ्रीजचा पत्रा गंजला, हवा. कडी अडकली, हवा. टीव्हीचा आवाज गेला, तरी हवाच. खाऱ्या हवेला इतकी वर्षं शिव्या घालून झाल्यात, की दुसरं काही कारण असू शकेल हे आमच्या डोक्यातच येत नाही. माझ्या तर नाहीच नाही, कारण माझ्या घरात प्रिंटर आहे.

मुलीच्या कॉलेजसाठी तो घेतला. मुलगी शिकून पुण्याला गेली आणि प्रिंटर माझ्या गळ्यात पडला. शाईचा प्रिंटर, आठवडाभर वापरला नाही की शाई सुकते आणि पान कोरं बाहेर येतं. दुकानदार म्हणाला, "बाई, आठवड्याला एक तरी पान काढत जा." आता दर आठवड्याला मी काय छापू? मी काय वर्तमानपत्र काढते?

काय छापायचं ते समोरच्या घरातून आलं. समोर चाची राहते. मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा तिला तुम्ही म्हणायचे. "तुम्ही काय गो? मी काय सरपंच हाय?" म्हणून तिनेच ते मोडून काढलं. चाचा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न करून पनवेलला गेली. चाची एकटी आणि तिचा तो झाकणाला काच असलेला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन. त्यात ती रव्याचा केक, नानखटाई, नारळाची बिस्किटं करते. जवळच्या दोन लॉजवाल्यांकडे सकाळच्या चहाबरोबर तिचाच केक असतो. कुणी रेसिपी विचारली तर हातचं राखून सांगायचं, हा प्रकार तिच्याकडे नाही. उलट समोरचीच कंटाळेपर्यंत सांगते.

तेव्हा ठरलं असं, की दर शुक्रवारी चाचीने एक रेसिपी सांगायची आणि मी ती छापून गल्लीत वाटायची. माझं मशीन सुकणार नाही आणि बायकांना घरात काहीतरी नवं करता येईल. फोनवर पाठवलं तर कुणी बघत नाही. पिठाच्या हाताने फोन कोण धरणार? कागद भिंतीला डकवला की काम झालं.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण प्रिंटरने मला जे छळलंय ते माझं मला माहीत. पावसाळ्यात कागद असा दमट होतो की दोन-तीन पानं एकमेकांना चिकटून आत जातात आणि अडकून बसतात. मग मी कागद स्टीलच्या डब्यात, तळाशी भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवून भरायला लागले. तरी ऐकलं नाही तर चाचीचा ओव्हन. केक काढून बटण बंद केलं की आतल्या धगीवर कागदाचा गठ्ठा थोडा वेळ ठेवायचा. पापडासारखा कडक होतो. मागून टेकू म्हणून मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा लावला की पान सरळ जातं. काळी शाई संपली तर अक्षरं गडद निळी करायची, रंगीत शाईतून येतात. शाई सुकली तर तिचं काडतूस काढून कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यावर तोंड खाली करून बसवायचं. एकदा आत पाल निघाली. तिच्यावर काय उपाय केला ते सांगत नाही, पण किंचाळी मशिदीपर्यंत गेली असं आमचे हे अजून सगळ्यांना सांगतात.

"प्रिंटरला रोज शेक देतेस," हे म्हणायचे, "माझे गुडघे दुखतात ते दिसत नाहीत?"

"तुमच्या गुडघ्यातून रेसिपी निघते का?" मी म्हणायचे.

असं सगळं हसतखेळत चाललं होतं आणि एक दिवस चाचीच्या केकमध्ये सोडा जास्त पडला. थोडाथोडका नाही. केक फुगून काचेला लागला, बाहेर ओघळला आणि चवीला नुसता साबण. लॉजवाल्याने परत पाठवला. चाची म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तिला अलिबागला डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, नंबर नाही, डोळ्याच्या आतला पडदा. नजरेचा मधला भाग हळूहळू कमी होत जाणार. चष्म्याने फरक पडणार नाही, अक्षर मोठं असेल तर दिसेल.

चाचीच्या मुलीला कळलं तशी ती पनवेलहून आली. वाईट मुलगी नाही हो. आईवर जीव आहे म्हणूनच घाबरली होती. "अम्मी, आज सोडा चुकला, उद्या गॅस चुकेल. घराला कुलूप लावू. माझ्याकडे चल."

चाची मला मागच्या पडवीत ओढून घेऊन गेली आणि तिथे बोलली. "तिथं सातव्या मजल्यावर मी काय करू गो? दिवसभर सोफ्यावर बसू? जावयाचं घर, ओव्हन लावू का विचारायला पण लाज वाटंल. हितं मी काहीतरी हाय. तिथं मी निसती कुणाची तरी आई."

"मग कालवण-भाकरी कर ना. केक सोड," मी म्हटलं.

"कालवणाला डोळं लागत न्हाईत, हात पुरतो. केकला माप लागतं. आणि कालवण लॉजवाला कशाला घेईल, त्याच्याकडं आचारी हाय."

मला रडू यायच्या आधी राग येतो, तसा आला. मी घरी आले आणि प्रिंटर चालू केला. रव्याच्या केकची रेसिपी घेतली आणि एका पानावर एकच जिन्नस, पानभर अक्षरात. 'रवा, दोन वाट्या.' पुढच्या पानावर 'दही, एक वाटी.' असं करत 'सोडा, पाव चमचा' पर्यंत. अशा अक्षरांना काळी शाई किती लागते! अर्ध्यावर संपलीच. मग रंगीत शाईतून फक्त अक्षरांच्या कडा छापल्या आणि पोट मार्करने भरलं. आमचे हे भरायला बसले होते, रेषेच्या बाहेर जात होते आणि शिव्या खात होते.

स्वयंपाकघरात पाण्याचा हात लागला की ही शाई उतरते. म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं, तर चाचीला नुसती चकाकीच दिसायला लागली. पाकिटं काढून टाकली आणि प्रत्येक पानावर मेणबत्ती घासली. मेण बसलं की पाणी वरच्या वर निथळतं आणि चमकत नाही. मग तिच्या ओट्याच्या वर, तिच्या नाकाच्या उंचीला, दोरी बांधली आणि कपड्याच्या चिमट्यांनी पानं ओळीने टांगली. रीत अशी, की जिन्नस भांड्यात पडला की त्याचं पान डावीकडे सरकवायचं. समोर नेहमी पुढचंच पान. दोनदा सोडा पडायचा प्रश्नच नाही.

मुलगी दाराशी उभी राहून बघत होती. चाचीने पानाला जवळजवळ नाक लावलं, वाचलं, मोजलं, घातलं, सरकवलं. एकदाही कुणाला विचारलं नाही. केक झाला, उलटा केला, सुटून ताटात आला. मुलीने तुकडा खाल्ला आणि आईकडे न बघता मला म्हणाली, "मावशी, ईदपर्यंत बघू. पण छापायचं तुम्ही बघायचं."

"मी बघते," मी छातीठोकपणे सांगितलं. चाचीने त्या दिवशी आख्खा केक गल्लीत वाटला.

पुढचे काही महिने दोरी जोरात चालली. नानखटाईची पानं वेगळी, बिस्किटांची वेगळी. गल्लीतल्या बायका चाचीकडे गेल्या की दोरीचं कौतुक करून येत. एकीने तर आपल्या सासूसाठी औषधाच्या गोळ्यांची पानं काढून मागितली.

मग रमजान लागला. चाचीचे रोजे चालू आणि ईदच्या नानखटाईची मागणी वाढलेली. एका सकाळी ती खिडकीतून ओरडली, "फिकं आलंय गो. काळं कर जरा."

मी म्हटलं, आली हवा. काडतूस काढलं, कोमट फडक्यावर बसवलं, पुन्हा छापून दिलं. संध्याकाळी परत तेच, "फिकंच हाय." अक्षर अजून मोठं केलं, अजून जाड केलं. 'साखर' एवढा एक शब्द पानात मावेना, तो दोन पानांवर छापून मैद्याच्या खळीने जोडला. "फिकं हाय." मग मात्र माझं डोकं फिरलं. अलिबागच्या दुकानातून नवीकोरी काळी शाई एसटीच्या कंडक्टरबरोबर मागवली, बसवली, पान काढलं, ओलं असतानाच धावत नेलं.

चाचीने पान डोळ्यांशी धरलं. तिरकं करून बघितलं. "मशीनच गेलं वाटतं तुझं," म्हणाली.

"चाची, आता काय मशीनला नदीवर नेऊन घासू?" मी तिच्या अंगावर ओरडले आणि पान घेऊन घरी आले. उंबऱ्यातच उभी राहून प्रिंटरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. आमचे हे आतल्या खोलीत खाटेवर पडले होते, चष्मा उशाशी. यांचे मोतीबिंदू पिकलेत, ऑपरेशनच्या तारखा पुढे ढकलणं चालू आहे.

"कशाला ओरडतेस?" हे तिथूनच म्हणाले. "लोणी, पाऊण वाटी. चांगलं काळंकुळकुळीत आहे की."

मी पान उजेडात धरलं. खरंच काळं होतं. तव्याच्या बुडाइतकं काळं. कालचं बघितलं, तेही काळं. परवाचंही. एकही पान फिकं नव्हतं. मशीन इतकं चांगलं कधी चाललंच नव्हतं.

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. आठवडाभर मी शाईच्या मागे लागले होते, आणि पानाकडे नीट बघायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

समोर गेले तेव्हा चाची दोरीखाली पाटावर बसली होती. काय सांगायचं याची जुळवाजुळव करत गेले होते, पण तिने माझ्या पावलांवरूनच ओळखलं असावं.

"मशीन बरं हाय, व्हय ना?" ती म्हणाली.

मी नुसतं हूं केलं.

"मला वाटलंच होतं. पण तू म्हणालीस हवा हाय, तर म्हटलं असेल हवा. बरं वाटलं ऐकून." मग माझा हात धरून म्हणाली, "पोरीचा फोन येईल. तिला सांग, मशीन बिघडलंय. दुरुस्तीला टाकलंय. निदान ईद होऊ दे."

खोटं बोलायला मला जमत नाही, तोंडावर लगेच दिसतं. पण फोनवर तोंड दिसत नाही. रात्री मुलीने विचारलं, "मावशी, पानं नवीन काढून देताय ना?" मी म्हटलं, "अगं, मशीन बंद पडलंय. इथली हवा तुला माहीतच आहे. तोवर मी रोज जाऊन वाचून दाखवते." ती याच गल्लीत वाढलेली. एवढंच म्हणाली, "रोज जाल ना, मावशी?" मी हो म्हटलं. तिने पुढे काही विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी ओट्याशी उभी राहिले आणि दोरीवरचं एकेक पान वाचायला लागले. मैदा, दोन वाट्या. पिठीसाखर, एक वाटी. चाची मोजत होती, बोटाने वाटीची कड चाचपत होती, घालत होती. मी पान सरकवत होते. सोड्याचं पान आलं आणि माझा आवाजच फुटेना.

चाची चमचा हातात धरून थांबली.

"नीट वाच गो," ती म्हणाली. "आता चुकलं तर नाव तुझं निघंल, मशीनचं न्हाय."